हेल्मेट असले तरी शिक्षा कशाला?

मार्च १९६२. बार्बाडोसच्या मैदानावर चार्ली ग्रिफिथचा आखूड टप्प्याचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. कवटीला तडा गेला. त्यांना रक्त देणाऱ्यांत आपल्या नाशिकात जन्मलेले बापू नाडकर्णीही होते. प्राण वाचले, कसोटी कारकीर्द मात्र संपली.

तेव्हा फलंदाज हेल्मेट घालत नसत. १६० ग्रॅमचा चेंडू ताशी १४० किलोमीटर वेगाने आला, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे १२० ज्यूल भरते. हेल्मेट हा आघात पसरवते, चेंडू थांबण्याचा काळ वाढवते. कवटी बचावते. पण मेंदू? मित्रांनो, एस.टी. एकदम सुटली की आपण मागे कलंडतो ना? जडत्वामुळे मेंदूही कवटीच्या मागे रेंगाळतो. डोके गर्रकन फिरले, तर त्यातले नाजूक तंतू ताणले जातात. हे हेल्मेट पुरते रोखू शकत नाही.

म्हणूनच नियमांचा वाद. बर्फावरच्या हॉकीत, उत्तर अमेरिकेच्या ‘एनएचएल’ स्पर्धेत, २०१० साली बाजूने येऊन डोक्यावर दिलेल्या धडकेवर बंदी आली. दोषी खेळाडूला काही सामने बाहेरही बसवतात. क्रिकेटमध्ये पंचांना मारा धोकादायक वाटला, तर ते ताकीद देतात आणि पुन्हा तसे घडल्यास त्या डावापुरती गोलंदाजी बंद करतात. मला हा फरक पटतो. खांदा खेळाडूच्या ताब्यात असतो. टप्पा पडल्यावर चेंडू किती उसळेल, हे खेळपट्टीही ठरवते. फलंदाजाच्या मेंदूला हिसका बसलाच, तर २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याच्या जागी दुसरा खेळाडू घेता येतो.