मोटारीचा अपघात आणि विमा

भिलाईच्या पोलाद कारखान्यात पाळी बदलण्याची वेळ झाली की रस्त्यांवर सायकली आणि दुचाक्यांची एकच गर्दी उसळते. अशाच एका दुपारी माझ्या एका स्नेह्यांच्या मोटारीचा धक्का सायकलवरून घरी निघालेल्या कामगाराला लागला. त्याचा पाय मोडला. मोटार दुभाजकावर आदळून तिचा पुढचा भाग चेपला. मोटार स्नेह्यांचा भाचा चालवीत होता आणि त्याच्या परवान्याची मुदत संपलेली होती. जखमीला रुग्णालयात पोहोचविल्यावर एका माहीतगार गृहस्थाने स्नेह्यांना सल्ला दिला, "साहेब, गाडी तुम्हीच चालवीत होता, असे लिहून द्या. सगळे सुरळीत होईल."

त्या रात्री ते माझ्याकडे आले. "खरे सांगितले तर त्या बिचाऱ्या कामगाराचीही भरपाई बुडेल ना?" हा त्यांचा प्रश्न होता. श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर विम्याच्या मूळ स्वरूपातच आहे.

मोटारीच्या विम्यात दोन निरनिराळी अभिवचने असतात. पहिले आपल्या स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीविषयीचे. तो मालक आणि कंपनी यांच्यातील करार होय. तो करावा की न करावा हे आपल्या इच्छेवर आहे, आणि केला तर त्याच्या अटी पाळल्या पाहिजेत. दुसरे अभिवचन त्रयस्थाविषयीचे, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसाविषयीचे. ते कायद्याने सक्तीचे आहे. 1939 च्या मोटार कायद्यातील ही सक्ती 1946 पासून अमलात आली. आज ती 1988 च्या कायद्यात आहे. मालक गरीब असो वा बेपर्वा, जखमी माणूस रिकाम्या हाताने परतू नये, हा तिचा हेतू.

म्हणूनच परवान्यात दोष निघाला तरी जखमीचा हक्क सहसा बुडत नाही. नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्णसिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली याचा मार्ग दाखविला आहे: कंपनीने जखमीला भरपाई द्यावी, आणि मालकाचा दोष सिद्ध झाल्यास ती रक्कम मागाहून त्याच्याकडून वसूल करावी. याउलट खोटा जबाब पुढे उघडकीस आला, तर तंटा वाढतो, निकाल लांबतो, आणि त्या लांबणीचा भार मोडक्या पायाच्या माणसाने वाहावयाचा असतो.

आता सर्वसामान्य अपघाताकडे वळू. जखमीला उपचार मिळवून देणे हे चालकाचे पहिले कर्तव्य. त्यानंतर शक्य तितक्या लवकर, निदान 24 तासांच्या आत, पोलिसांना कळवावे, आणि विमा कंपनीलाही विलंब न लावता लेखी कळवावे. मोटारीची व जागेची छायाचित्रे घ्यावीत. रस्त्यावरच तडजोड करून कशावरही सही करू नये. सर्व्हेयरने पाहणी करण्यापूर्वी दुरुस्तीस हात लावू नये, कारण एकदा पत्रा सरळ झाला की पुरावाही गेला. हा सर्व्हेयर परवानाधारक असतो. त्याला शत्रू न मानता प्रत्येक मोडतोड दाखवावी. 2024 च्या नियमांप्रमाणे त्याने 15 दिवसांत अहवाल द्यावा आणि त्यानंतर 7 दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा, अशी अपेक्षा आहे.

धनादेश हाती आला की अनेकांना आपण फसविले गेलो असे वाटते. वस्तुतः नेहमीच्या पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरी यांच्या किमतीतून निम्मा घसारा वजा होतो. धातूच्या भागांचा घसारा मोटारीच्या वयाप्रमाणे ठरतो. काचेवर मात्र तो नसतो. ही वजाबाकी पॉलिसीत आधीच छापलेली असते. पॉलिसी आपण वाचतो केव्हा, तर अपघात झाल्यावर!

तरीही अन्याय झालाच, तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. छत्तीसगडसाठी हे कार्यालय भोपाळला आहे.

माझ्या स्नेह्यांनी जे घडले तेच लिहून दिले. स्वतःच्या मोटारीची भरपाई त्यांना मिळाली नाही, आणि उद्या कंपनीने वसुली काढली तर तीही त्यांना सोसावी लागेल. त्या कामगाराचा दावा मात्र दुर्गच्या न्यायाधिकरणापुढे निर्वेध उभा आहे. परवा ते म्हणाले, "पैसे गेले खरे, पण पाळी सुटल्यावर त्या रस्त्याने जाताना मान खाली घालावी लागत नाही." विम्याच्या कोणत्याही हप्त्यात न मिळणारी ही भरपाई आहे.