संकेतस्थळ विश्लेषण

संकेतस्थळ विश्लेषण म्हणजे संकेतस्थळावर किती भेटी झाल्या, कोणती पाने पाहिली गेली व वाचक कोणत्या मार्गाने आले, यांची नोंद घेऊन तिचा अर्थ लावण्याची पद्धत होय. व्यवसायाला ही माहिती ग्राहकाची ओळख न साठवताही मिळू शकते.

नोंदीच्या पद्धती

नोंद दोन प्रकारे होते. एक तर सर्व्हरवर आपोआप लिहिली जाणारी नोंदवही वाचली जाते, किंवा पानात बसवलेली छोटी आज्ञावली वाचकाच्या ब्राउझरमधून माहिती पाठवते. २००५ साली सुरू झालेली गूगल ॲनालिटिक्स ही सेवा दुसऱ्या प्रकारची असून तिची माहिती गूगलच्या सर्व्हरवर साठते. मटोमो (२०१८ पूर्वीचे नाव पिविक) ही मुक्त स्रोत प्रणाली मालकाला स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. आयपी पत्त्याचे शेवटचे भाग झाकणे, कुकीविना मोजणी करणे व जुन्या कच्च्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर पुसणे या सोयी तिच्यात आहेत. मात्र प्रणाली अद्ययावत व सुरक्षित ठेवण्याचे काम मग मालकाकडेच येते.

विश्वासार्हता

आकडा मोठा असला म्हणजे तो खरा असतो असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती हे गाव मातीकामासाठी ओळखले जाते. तेथील एखाद्या विक्रेत्याने संकेतस्थळ उघडले, तर त्याचे बरेचसे वाचक मोबाइलवरून येतील. मोबाइल जाळ्यात अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे असतात, तर एकाच ग्राहकाचा पत्ता दिवसभरात बदलूही शकतो. म्हणून पत्ते मोजून माणसे मोजता येत नाहीत. भद्रावतीतील भेट नागपूर किंवा मुंबईच्या नावावरही दिसू शकते. तेवढ्यावरून स्थानिक गिऱ्हाईक नाही असे मानणे चुकीचे ठरते. शोधयंत्रांच्या सांगकाम्यांच्या आणि मालकाच्या स्वतःच्या भेटी वगळाव्या लागतात. जाहिरातरोधक वापरणारे वाचक आज्ञावलीच्या मोजणीतून निसटतात, सर्व्हरच्या नोंदवहीतून सहसा नाही. किती भेटींतून चौकशी आली, हा आकडा विक्रेत्याला अधिक उपयोगी असतो. दरमहा हाती आलेल्या मागण्यांशी त्याचा ताळा पाहता येतो.

खासगीपणा

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. नागपूरचे शरद बोबडे या पीठात होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार घेतलेली संमती मुक्त, विशिष्ट व माहितीपूर्ण असावी लागते.

एक चूक सहज घडते. चौकशीच्या अर्जात भरलेला दूरध्वनी क्रमांक पुढील पानाच्या पत्त्यात उतरला, तर तो विश्लेषणाच्या नोंदीतही जातो. अशा वेळी आयपी पत्ता झाकून उपयोग होत नाही. अर्जाची रचनाच बदलावी लागते.