सात्सुकीचा जून महिना

जपानच्या तोचिगी प्रांतातल्या कानुमा शहरात दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस सात्सुकी अझेलियाचा उत्सव भरतो. फळ्यांवर ओळीने मांडलेली बोन्साय झाडे जेमतेम हात-दीड हात उंच, पण बुंधे मनगटाहून जाड आणि वर पान दिसू नये इतका बहर. एकाच झाडावर काही फुले पांढरीशुभ्र, काही गुलाबी, काहींवर लाल रेघा ओढलेल्या, तर काहींच्या फक्त कडांना रंग. चार झाडांची कलमे एकत्र बांधली असावीत असे वाटते, पण झाड एकच असते. वाढत्या कोंबाच्या पेशींमध्ये आपोआप बदल होत राहतात आणि त्यातून एकेक फांदी वेगळा रंग घेऊन येते.

बहर दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. प्रेक्षक घरी जातात आणि झाड राखणाऱ्याचे वर्षातले सर्वांत मोठे काम तिथून सुरू होते.

या झाडाचे वेड जपानमध्ये जुने आहे. एदोजवळच्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, सोमेई गावातले रोपवाटिकाकार इतो इहेई यांनी 1692 साली केवळ अझेलियांवर पाच भागांचा ग्रंथ काढला आणि तीनशेहून अधिक प्रकारांची नोंद केली. 1984 साली तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याला प्रस्तावना जॉन क्रीच यांची होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानाचे संचालक असलेल्या क्रीच यांनी 1976 मध्ये जपानकडून अमेरिकेला भेट मिळालेली 53 बोन्साय वॉशिंग्टनला आणण्यात मोठा वाटा उचलला होता. बागांमध्ये सात्सुकी त्याहूनही जुनी. पुण्यातले पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवर बेतले आहे, त्याच ओकायामा प्रांतात ताकाहाशी गावी रायक्यू-जी मंदिर आहे. कोबोरी एन्शू यांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रचलेल्या तिथल्या बागेत सात्सुकीची झुडपे छाटून समुद्राच्या लाटांचा आकार दिलेला आहे. इतकी छाट सोसणारे झुडूप कुंडीतही रमले, यात आश्चर्य नाही.

कुंडीत मात्र त्याला माती हवी ती कानुमाचीच. अकागी ज्वालामुखीने चाळीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ओकलेला सच्छिद्र, हलका दगड या भागात जमिनीखाली थराने साचलेला आहे. तो खणून, वाळवून, चाळून विकतात. ही माती आम्लधर्मी असते, पाणी धरते आणि जादाचे सोडूनही देते. ओली असताना ती गडद पिवळी दिसते, सुकली की फिकट पडते, त्यामुळे नवख्यालाही पाणी कधी द्यायचे हे रंगावरून कळते. अझेलियाची मुळे केसासारखी बारीक आणि उथळ असतात. एकदा कडकडीत सुकली की ती परत उभारी धरत नाहीत, आणि चिखलात बसली की कुजतात.

पाण्याकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. चुनखडीचे जड पाणी सतत मिळाले की मातीचा आम्लपणा उतरतो, लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही, आणि कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या रानात ऊस किंवा सोयाबीनवर केवडा पडलेला ज्याने पाहिला आहे, त्याला हे लक्षण सांगावे लागणार नाही. पावसाचे साठवलेले पाणी हा यावरचा सगळ्यात साधा उपाय.

आता छाटणी. इथे अझेलिया इतर बोन्सायपेक्षा अगदी वेगळी वागते. पाइन किंवा मेपलचा जोर शेंड्याकडे असतो, म्हणून शेंडा खुडून खालच्या फांद्या सांभाळाव्या लागतात. मुळात झुडूप असलेल्या अझेलियाचा सगळा जोर बुडाकडे. बुंध्याशी धुमारे फुटत राहतात, खालच्या फांद्या माजतात आणि शेंडा हळूहळू दुबळा होऊन वाळतो. मेपलवर हात बसलेला माणूस सवयीने अझेलियाचा शेंडा कापतो आणि ज्या भागाला जपायचे तोच गमावतो. म्हणून खाली कडक छाटणी करायची, वर हात राखून. बुडाचे धुमारे दिसले की लगेच काढायचे. फांदीच्या टोकाशी एकाच जागी चार-पाच फुटवे येतात, त्यांची विरळणी करून दोनच ठेवायचे. या झाडाचा एक मोठा गुण म्हणजे जुन्या, उघड्या लाकडातूनही नवे डोळे फुटतात. मोठी फांदी चुकीच्या जागी असेल तर ती काढता येते. जखम मात्र सावकाश भरते, म्हणून तिला लेप लावायचा. फांद्या ठिसूळ असतात, वाकवताना काडकन मोडतात, त्यामुळे बुंध्याला वळण द्यायचे ते रोप कोवळे असतानाच, तार गुंडाळून.

ही छाटणी फुले संपताच, जूनमध्ये व्हायला हवी. पुढच्या वर्षाच्या कळ्या त्याच उन्हाळ्यात, नव्या फुटव्यांच्या टोकाला धरतात. ऑगस्टमध्ये कात्री चालवली तर पुढच्या वर्षीचा बहरच कापला जातो. सुकलेले फूल नुसते ओढून भागत नाही, कारण पाकळ्या हातात येतात आणि बीजकोश मागे राहून बी धरण्यात झाडाची ताकद खातो. तो देठासकट खुडावा लागतो. मोठ्या झाडावर हे काम शेकडो फुलांचे असते. कुंडी बदलायची तर तीही बरेच जण याच सुमारास बदलतात, आणि झाड सावरले की पेंडीचे खत सुरू होते.

खरा कस लागतो तो फुलांच्या मोहात. भरगच्च बहराला झाड आपला साठा खर्ची घालते. अशक्त झाडावर किंवा नुकत्याच कुंडी बदललेल्या झाडावर कळ्या दिसल्या तर त्या उमलण्याआधीच खुडून टाकणारा माणूस या छंदात मुरलेला समजावा. वर्षभर वाट पाहिलेल्या कळ्या स्वतःच्या हाताने काढायच्या, याला मन घट्ट करावे लागते. पण दरवर्षी पूर्ण बहर मागत राहिले तर आतल्या बारीक फांद्या एकेक करून जातात आणि त्या पुन्हा उभ्या करण्यात वर्षे जातात. दुखण्यांत पानामागून रस शोषणारे जाळीपंखी ढेकूण आणि लाल कोळी यांच्यावर नजर ठेवावी. पाने विषारी असतात, म्हणून शेळी-मांजरांपासून कुंडी दूर ठेवलेली बरी.

महाराष्ट्राच्या सपाटीवर हे झाड जगवणे कठीण आहे. चांगल्या बहरासाठी त्याला हिवाळ्याची थंडी लागते, आणि एप्रिल-मेचे ऊन उथळ कुंडीतली मुळे भाजून काढते. दार्जिलिंग-सिक्कीमची हवा अझेलियाला मानवते. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर सुरुवात अगदी सोपी आहे. तिथे घरोघरी अंगणात अझेलिया असते आणि रोपवाटिकांत गुम्पो नावाची ठेंगणी सात्सुकी मिळते. एखाद्या शेजाऱ्याने जुने कुंपण उपटायला काढले तर त्यातले जाड बुंध्याचे झुडूप मागून घ्यावे, कारण जुन्या लाकडातून फुटणारे झाड छाटून लहान करता येते.

जूनच्या छाटणीत निघालेले कोवळे शेंडेही वाया जात नाहीत. ओल्या कानुमा मातीत खोचून सावलीत ठेवले की महिना-दोन महिन्यांत त्यांना मुळ्या फुटतात. फक्त शेंडा ज्या फांदीचा, बहुधा तिचाच रंग नव्या रोपात उतरतो. एकरंगी लाल फुलांच्या फांदीपासून केलेले रोप सहसा लालच राहते, आणि अशा फांद्या मूळ झाडावरही वाढू दिल्या तर रेघांची फुले मागे पडतात. म्हणून फुले झाडावर असतानाच कोणती फांदी राखायची, कोणती कापायची आणि कोणत्या फांदीचे शेंडे लावायचे, हे ठरवून वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधून ठेवावेत. फुले खुडून झाली की सगळ्या फांद्या सारख्याच हिरव्या दिसतात.