अमेरिकेत प्रसविका होताना

• सर्टिफाइड नर्स-मिडवाइफ (सीएनएम) : आधी परिचारिकेचा परवाना, मग पदव्युत्तर पदवी, शेवटी राष्ट्रीय परीक्षा. बहुतेक जणी रुग्णालयांत काम करतात.

• सर्टिफाइड मिडवाइफ (सीएम) : परीक्षा तीच, परिचारिका असण्याची अट नाही. मान्यता मोजक्याच राज्यांत.

• सर्टिफाइड प्रोफेशनल मिडवाइफ (सीपीएम) : मुख्यतः घरी व प्रसूतिकेंद्रांत बाळंतपणे करते. अनुभवी प्रसविकेच्या हाताखाली शिकलेले इथे ग्राह्य.

• जुनी परंपरा : मेरी ब्रेकिनरिज यांनी १९२५मध्ये केंटकीच्या डोंगराळ भागात सुरू केलेली फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस. परिचारिका घोड्यावरून घरोघर जात. प्रसविका-शाळा १९३९पासून.

• २०२० : जागतिक आरोग्य संघटनेने हे वर्ष परिचारिका व प्रसविकांचे ठरवले होते. ११ मार्चला त्याच संघटनेने कोविडला महासाथ म्हटले. अनेक रुग्णालयांनी विद्यार्थिनींचे प्रसूतिकक्षात येणे बंद केले. वर्ग ऑनलाइन गेले, सराव पुतळ्यांवर झाला. पण देखरेखीखाली प्रत्यक्ष बाळंतपणे केल्याशिवाय शिक्षण पूर्ण होत नाही. काहींचे ते लांबले.

• घरची बाळंतपणे : २०१९मध्ये एकूण जन्मांच्या १.०३ टक्के, २०२०मध्ये १.२६ टक्के.