डिग्री तुमची, घर आई-बाबांचं!

स्टॅम्प पेपर छापणारी प्रेस आपल्या नाशिकरोडला. तरी घर गहाण कधी पडतं, ते आपल्याला ठाऊक नसतं! एज्युकेशन लोन साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक सहसा तारण मागते. आई-बाबांनी कर्जासाठी घराचं मूळ खरेदीखत बँकेत ठेवलं, की गहाणखत न करताही घर गहाण! कर्जाच्या रकमेवर मुद्रांक शुल्क लागतं आणि ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ दाखल करावी लागते. ती जबाबदारी आई-बाबांची. म्हणून सह्यांच्या दिवशी सोबत जा, पावत्या जपा. कर्ज फिटल्यावर बँकेनं ३० दिवसांत मूळ कागद द्यायचे. बँकेमुळे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार रोज ५,००० रुपये भरपाई मिळते. ते कागद घरी आणणं मात्र तुमचं काम!