एकलहऱ्याचा नवा संच आणि आपली फुप्फुसे



पौर्णिमेची वंदना आटोपली की विहारात थोडा वेळ आरोग्यावर बोलणे होते. मागच्या वेळी नाशिकरोडकडच्या एका वस्तीत एका मावशींनी विचारले, "ताई, एकलहऱ्याला नवा संच आला तर माझ्या नातवाला काम लागेल म्हणतात. पण त्याच्या धाकट्या बहिणीला दमा आहे. मी हो म्हणू का नाही म्हणू?"

मी लगेच उत्तर दिले नाही. प्रश्न एका घराचा नव्हता. एकाच घरात एकाची भाकरी आणि दुसरीचा श्वास समोरासमोर उभे होते. म्हणून या महिन्याचे आरोग्य पान त्याच विषयाला दिले आहे.

आज काय आहे, उद्या काय येणार

एकलहरे औष्णिक वीज केंद्राचे पहिले दोन संच १९७०-७१ मध्ये सुरू झाले. ते आता बंद आहेत. तिसरा, चौथा आणि पाचवा हे प्रत्येकी २१० मेगावॅटचे संच १९७९ ते १९८१ या काळात आले. म्हणजे आजची ६३० मेगावॅट क्षमता चाळिशी ओलांडलेल्या यंत्रांवर उभी आहे. इथे ६६० मेगावॅटचा नवा संच व्हावा ही मागणी अनेक वर्षांची आहे. कामगार संघटना आणि आजूबाजूची गावे त्यासाठी बोलत आली आहेत. केंद्र बंद पडले तर कंत्राटी कामगार, चहावाले, ट्रकवाले सगळ्यांची चूल विझेल, ही त्यांची भीती खोटी नाही.

वीज बाबासाहेबांनाही हवी होती. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात ते मजूरमंत्री होते आणि विजेचे धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. स्वस्त आणि भरपूर वीज असल्याशिवाय उद्योग येणार नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबी हटणार नाही, हा त्यांचा विचार होता. पण तेच बाबासाहेब डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत उतरले आणि मजूर कसा राबतो, कसा राहतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. वीज हवी आणि ती काढणाऱ्या माणसाचा जीवही जपला पाहिजे, या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या केल्या नाहीत. आपणही करू नयेत.

चिमणीतून काय बाहेर पडते

आपल्या देशी कोळशात राख फार, साधारण शंभर किलोत तीस ते चाळीस किलो. ६६० मेगावॅटचा संच पूर्ण ताकदीने दिवसभर चालला तर ढोबळ हिशेबाने नऊ ते दहा हजार टन कोळसा जळेल आणि रोज तीन हजार टनांच्या आसपास राख निघेल. यातली बहुतेक राख यंत्र पकडते. ईएसपी नावाच्या यंत्रात विजेच्या ताकदीने धूळ पट्ट्यांवर ओढली जाते. हे यंत्र जुने झाले, दुरुस्ती टळली, की जास्त धूळ सुटते.

उरलेल्यातले सर्वांत वाईट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण, पीएम २.५. केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे हे कण नाकातल्या केसांना जुमानत नाहीत. ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि तिथून रक्तात उतरतात. शिवाय सल्फर डायऑक्साइड वायू निघतो. दमेकऱ्याची छाती त्याने आवळते. पुढे हवेतच त्याचेही बारीक कण बनतात आणि ते दूरवर जातात. म्हणून "चिमणी उंच आहे, तुम्हाला त्रास नाही" हे अर्धेच खरे. उंच चिमणी धूर कमी करत नाही, फक्त लांब पसरवते.

केंद्रातून निघालेली राख पाण्यात कालवून राख बंधाऱ्यात सोडतात. उन्हाळ्यात वरचा थर वाळला की वाऱ्यावर उडतो. पावसाळ्यात बंधारा कच्चा असेल तर फुटतो. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतात आणि नाल्यात शिरले. आपले केंद्र गोदावरीच्या काठी आहे, हे विसरू नका.

शरीराला काय होते

लहान मुलांची फुप्फुसे वाढत असतात आणि वजनाच्या मानाने मुले मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतात. त्यामुळे सारखा खोकला, न्यूमोनिया, दमा त्यांना आधी गाठतो. गरोदर बाईने खराब हवा घेतली तर बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. चाळिशीनंतर कायमचा दम लागणारा सीओपीडी हा आजार होतो. बारीक कण रक्तात जातात म्हणून हृदयविकाराचा झटका आणि लकवाही वाढतो, हे पुष्कळांना माहीत नसते. बाहेरच्या दूषित हवेने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१३ मध्येच जाहीर केले आहे.

राखेत सिलिकाही असते. राखेत वर्षानुवर्षे काम करणाऱ्याच्या फुप्फुसात ती साठू शकते. अशा फुप्फुसावर टीबी लवकर बसतो.

मी नर्स होते तेव्हाचा एक भाऊ आठवतो. राखेच्या विटा पाडायच्या कामावर होता. क्ष-किरण फोटोत डाग दिसले की टीबीचा कोर्स, असे दोनदा झाले. बेडका एकदाही नीट तपासला गेला नाही. "काम काय करता?" हे त्याला कोणी विचारलेच नाही. मीही नाही. त्याचे शेवटचे महिने बसल्या जागी धाप लागण्यात गेले. म्हणून सांगते, डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण आपले काम स्वतःहून सांगायचे: "मी राखेत, कोळशात इतकी वर्षे काम केले."

घरात काय करावे

हवा एकट्याने साफ होत नाही. पण काही गोष्टी हातात आहेत.

• झाडू कोरडा मारू नका. आधी पाणी शिंपडा किंवा ओल्या फडक्याने पुसा.
• कोळसा-राखेवरून आलेल्या माणसाचे कपडे घरात झटकू नका. बाहेरच काढा, वेगळे भिजवा. लेकराला उचलण्याआधी त्याने हातपाय धुवावेत.
• तोंडाला बांधलेला रुमाल मोठी धूळ अडवतो, बारीक कण नाही. राखेत काम करणाऱ्याला एन-९५ मास्क लागतो आणि तो मालकाने द्यायचा असतो.
• चुलीचा धूर, विडी आणि शेजारी जाळलेला कचरा ही बाहेरच्या धुरावर आणखी भर आहे. ती आपण थांबवू शकतो.
• इन्हेलरची सवय लागते, ही अफवा आहे. त्यात औषध थोडे असते आणि ते थेट छातीत जाते. बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी मोफत होते. बेडक्यात टीबी नाही आणि तरी दम लागतो, तर स्पायरोमेट्री मागा. नळीत फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची ही तपासणी आहे.

थांबू नका, १०८ ला फोन करा, जर: बोलताना वाक्य पुरे होत नाही, ओठ निळे पडले, किंवा लेकराच्या बरगड्यांखाली खड्डा पडतो. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाने मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाने ४० किंवा जास्त श्वास घेतले तर लगेच दवाखाना गाठा. मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा.

मग हो म्हणायचे का नाही?

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते. माझ्या मते खरा प्रश्न "संच हवा का नको" एवढाच नाही. पहिला प्रश्न असा आहे: नवा संच जुन्यांच्या बदली येणार की जुन्यांवर भर म्हणून?

हा फरक मोठा आहे. नवे यंत्र तेवढ्याच विजेला कमी कोळसा खाते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये ठरवलेल्या मर्यादेप्रमाणे २००३ पूर्वीच्या संचाला एक घनमीटर धुरात १०० मिलिग्रॅम धूळ चालते, तर २०१७ नंतरच्या संचाला फक्त ३०. सल्फर डायऑक्साइडची मर्यादा जुन्या लहान संचाला ६००, नव्याला १००. म्हणजे जुने बंद करून नवा आला तर वस्तीची हवा सुधारू शकते. पण जुने तिन्ही चालू ठेवून नवा आला, तर कोळसा आणि राख जवळपास दुप्पट होईल.

दुसरी गोष्ट गंधक धुऊन काढणाऱ्या यंत्राची, ज्याला एफजीडी म्हणतात. जुलै २०२५ मध्ये केंद्राने देशातल्या बहुतेक केंद्रांना ही अट सैल केली. पण दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना ती कायम आहे. नाशिक २०११ च्या जनगणनेतच दहा लाखांच्या पुढे गेले आहे आणि एकलहरे महापालिकेतल्या नाशिकरोडला लागून आहे. आपल्या केंद्राला कोणती सूट दिली, हे लेखी विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

५०० मेगावॅट आणि त्यावरच्या कोळसा प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी लागते. जनसुनावणीची किमान ३० दिवस आधी नोटीस निघते. अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. कोराडीला १,३२० मेगावॅटच्या नव्या संचांसाठी मे २०२३ मध्ये अशी सुनावणी झाली. "जुन्याच जागेवर आहे, सुनावणी कशाला?" असे कोणी म्हणाले तर मान्य करू नका. ज्याला बोलायला जमत नाही त्याने लिहून द्यावे, त्याचीही नोंद होते. आपल्या मागण्या पाच असाव्यात:

१. जुने संच कोणत्या तारखेला बंद होणार ते मंजुरीतच लिहा.
२. एफजीडी आणि नवे ईएसपी पहिल्या दिवसापासून.
३. राख बंधाऱ्याची तपासणी आणि झाकलेल्या गाड्यांतूनच राखेची वाहतूक.
४. काम सुरू होण्याआधी आजूबाजूच्या वस्त्यांची छाती तपासणी, आणि नंतर दरवर्षी. आधीचे मोजमाप नसेल तर पुढे नुकसान सिद्ध करता येत नाही.
५. स्थानिकांना काम देताना फक्त राख उपसायचे नको. आपल्या आयटीआय झालेल्या मुलामुलींना यंत्रावरचे काम आणि कंत्राटी कामगारालाही दरवर्षी वैद्यकीय तपासणी.

मावशींना मी हेच सांगितले. नातवाला काम मिळावे आणि नातीला श्वासही मिळावा, अशी मागणी करा. दोन्हींत एक निवडा असे कोणी आपल्याला सांगत असेल, तर तो अर्धाच हिशेब मांडतो आहे. काळाराम मंदिराच्या दारात १९३० मध्ये आपली माणसे उभी राहिली ती माणूस म्हणून मोजले जावे यासाठी. सुनावणीच्या मंडपातही आपण मोजले गेलो पाहिजे.

पुढच्या पौर्णिमेला विहारात प्रत्येक घराने एक कागद आणावा: घरात दम, दमा, टीबी कोणाला, आणि कोण कोणते काम करतो. यादी आपण मिळून करू.

जय भीम, नमो बुद्धाय.