मनगटासाठी पायाचे हाड

कापसाची वेचणी असो, मोसंबीची तोडणी असो की स्टील कारखान्यातली पाळी, जालना जिल्ह्यात अनेकांचे पोट हातावर आहे. त्यामुळे मनगट दुखू लागले की ‘काम जास्त झाले, लचक भरली असेल’ म्हणून ते अंगावर काढले जाते. तेल चोळणे, पट्टी बांधणे, दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणणे यात दोन-तीन महिने सहज जातात. बहुतेक वेळा दुखणे साधेच असते. पण विशी ते चाळिशीतल्या माणसाचे मनगट अंगठ्याच्या बाजूने हळूहळू सुजत असेल आणि विश्रांती घेऊनही दुखणे थांबत नसेल, तर तिथल्या हाडात गाठ नाही ना, हे पाहायला हवे.

अशा गाठींपैकी एक म्हणजे ‘जायंट सेल ट्यूमर’. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी दिसतात, त्यावरून हे नाव पडले. ती जास्त करून गुडघ्याजवळ होते. त्याखालोखाल तिची जागा म्हणजे ‘रेडियस’ या हाडाचे मनगटाकडचे टोक. ती सहसा कर्करोगाची नसते, पण निरुपद्रवीही नसते. हाड आतून पोखरत जाते आणि वरचे कवच इतके पातळ होते की साध्या धक्क्याने किंवा जोरात चोळल्यानेही ते मोडू शकते. क्वचित ती फुफ्फुसातही पोहोचते. म्हणून छातीचीही तपासणी करतात.

पायातलेच हाड का?

गाठ लवकर सापडली आणि हाडाचे कवच शाबूत असेल, तर ती खरवडून काढतात आणि पोकळी हाडाच्या तुकड्यांनी किंवा बोन सिमेंटने भरतात. सांधा वाचतो. गाठ कवच फोडून बाहेर आली असेल, तर मात्र हाडाचे ते टोक बहुधा पूर्ण काढावे लागते.

ही रिकामी जागा भरायला रुग्णाच्याच पायातले ‘फिब्युला’ हे हाड कामी येते. नडगीच्या बाहेरच्या बाजूला असलेले हे बारीक हाड. शरीराचा बहुतेक भार नडगी पेलते, त्यामुळे फिब्युलाचा वरचा भाग काढला तरी माणूस चालू शकतो. घोट्याजवळचा भाग मात्र राखून ठेवतात, कारण घोट्याची स्थिरता त्यावर असते. फिब्युलाच्या गुडघ्याकडच्या टोकाचा आकार मनगटाशी बऱ्यापैकी जुळतो. तिथूनच पाऊल वर उचलणारी नस जाते, म्हणून ती जपत हाड काढावे लागते. मग ते हातात प्लेट आणि स्क्रूने बसवतात.

काही रुग्णांत सांधा हलता ठेवतात, काहींत मनगट कायमचे जखडतात. जखडलेले मनगट वाकत नाही, पण बोटे चालतात आणि पकड भक्कम राहते. जड काम करणाऱ्याला तेच सोयीचे ठरू शकते. निर्णय घेण्याआधी रुग्णाने आपले काम काय, हे डॉक्टरांना नीट सांगावे.

बसवलेले हाड जुळायला काही महिने लागतात. विडी-सिगारेटमुळे ते आणखी लांबते. मोठा तुकडा लागत असेल, तर रक्तवाहिन्यांसह फिब्युला बसवता येते. मेलबर्नचे शल्यविशारद इयान टेलर यांनी १९७५ मध्ये अशी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली होती.

काय करावे?

पहिली पायरी साधी आहे: मनगटाचा एक्स-रे. संशय आला तर एमआरआय आणि बायोप्सी. बायोप्सी मात्र कुठेही उरकून घेऊ नये. जिथे शस्त्रक्रिया होणार, तिथल्याच डॉक्टरांच्या सल्ल्याने ती करावी. चुकीच्या जागी छेद घेतला तर पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. जालन्याहून सुमारे ६० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरचे ‘घाटी’ रुग्णालय आहे. गुंतागुंतीच्या गाठींसाठी मुंबईच्या टाटा रुग्णालयात हाडांच्या गाठींचा स्वतंत्र विभाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

शस्त्रक्रियेनंतरही ही गाठ परत येऊ शकते. म्हणून हात चालू लागला तरी पुढची काही वर्षे ठरलेल्या तारखांना एक्स-रे काढून घेणे चुकवू नये. आणि मनगट महिनाभर दुखत राहिले, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून आधी एक्स-रे काढावा.